वैशाखातला धबधबा

धबधबा पाहायला लोक लोणावळ्याला जातात, माळशेजला जातात, आणि तेही पावसाळ्यात. त्यात विशेष ते काय? पावसाळ्यात पाणी कुठूनही पडतं. खरा धबधबा पाहायचा तर दौंड तालुक्यात यावं, आणि भर वैशाखात यावं, जेव्हा विहिरींचे तळ उघडे पडलेले असतात आणि टँकरमागे बायका हंडे घेऊन धावत असतात. दोन हजार सहा सालची गोष्ट सांगते. न्हावऱ्याहून केडगावकडे निघालं आणि भीमेचा पूल ओलांडला, की थोड्या अंतरावर एक बोडकी टेकडी लागते. तिच्यावर ना झाड ना गवत. त्या टेकडीच्या कातळावरून ऐन उन्हात रस्त्याच्या कडेला पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं, आणि ते पाहायला दोन-अडीचशे माणसं जमली होती. त्यांत मीही होते.

धबधब्याचं नाव दुधाई. पाण्यावर खरोखरच दुधासारखा फेस होता. वाऱ्यानं त्याचे गोळे उडायचे आणि माणसं ते झेलून कपाळाला लावायची. एका नव्या जोडप्यानं तो एकमेकांच्या गालाला लावून फोटो काढून घेतला. सुमो होत्या, ट्रॅक्स होत्या, पुण्याहून आलेली एक लक्झरी बस होती. भज्यांचे गाडे, सरबत, नारळ, खण, हिरव्या बांगड्या आणि रिकाम्या बाटल्यांचा एक स्वतंत्र ठेला. अर्ध्या चड्डीतले एक पुणेकर गृहस्थ मोठा कॅन घेऊन रांगेत उभे होते. गाडीत आणखी दोन आहेत, असं ते मागच्याला अभिमानानं सांगत होते.

कातळाच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली निर्झरबाबा बसले होते. हातात माईक, शेजारी बॅटरी, समोर ताट.

"पान्याचा धरम काय?" बाबा विचारत होते. "खाली जायाचा. मंग ह्ये पानी डोंगरावर चढलं कसं? सायन्सला इचारा. सायन्स गप हाय. सायन्सला घाम फुटलाय."

माणसं माना डोलावत होती. ज्या तालुक्यात दर दुसऱ्या शेतकऱ्याची पाच एचपीची मोटर नदीचं पाणी उचलून माळावर नेते, तिथं पाणी वर कसं चढतं हे कोणालाही सुचत नव्हतं.

बाबांना मी ओळखलं. पूर्वी त्यांचं नाव ज्ञानू होतं आणि धंदा पाणाड्याचा. तळहातावर नारळ घेऊन शिवारातून चालायचे, नारळ उभा राहिला की म्हणायचे, हितं घ्या बोअर. माझ्या वडिलांनी त्यांच्या शब्दावर दोन बोअर घेतली आणि दोन्हींतून धुरळा निघाला. इतकी वर्षं जमिनीखाली न सापडलेलं पाणी त्यांना अखेर टेकडीच्या माथ्यावर सापडलं होतं. दुधाई आई प्रकट कधी होणार, हेही त्यांना आधी कळायचं. कधी ती सकाळी यायची, कधी दुपारी, एखाद्या आठवड्यात फक्त रात्रीच. टेकडीच्या वाटेवर पाटी होती: वर जाण्यास मनाई, आई स्नान करीत आहे, पाहणाऱ्याची दृष्टी जाईल. इतक्या लोकांसमोर रस्त्यावर उघड्यावर कोसळणाऱ्या आईला फक्त माथ्यावरच लाज का वाटावी, हे काही पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

मी मात्र निव्वळ सहलीला आले नव्हते. शिरूरला बसस्टँडजवळ आमचं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर मी स्वतः बसते. माझी चुलत बहीण प्रतिभा या टेकडीपलीकडच्या वस्तीत दिलेली आहे. तिच्या मुलीला, मोनालीला, चौथ्या वर्षापासून फिट यायच्या. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि वर्षभरात एकही फिट आली नव्हती. पोरगी शाळेत जायला लागली, दोरीवरच्या उड्या मारायला लागली. प्रतिभाचा नवरा संपत रांजणगावच्या कंपनीत आहे. दर महिन्याला तोच दुकानातून गोळ्या नेतो. या खेपेला तो आला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, प्रतिभा म्हनती आता गोळ्या नगं." मी खोदून विचारलं, तर म्हणाला की तिलाच विचारा. म्हणून रविवारी दुकान बंद करून मी एसटीत बसले, रस्त्यातच आहे म्हणून आधी हे जगप्रसिद्ध ठिकाण पाहिलं आणि मग टेकडीला वळसा घालून तिच्याकडे गेले.

प्रतिभाची पिठाची गिरणी आहे. पट्ट्याचा आवाज चालू होता, दारात बायकांचे डबे रांगेनं मांडलेले होते आणि प्रतिभा भुवयांपर्यंत पिठानं माखलेली होती. मला पाहून ती हसली नाही. हात न थांबवता, त्या आवाजातच तिनं सगळं सांगितलं.

"ताई, आई मला दर्शन देत न्हाई," ती म्हणाली. "म्या जाते तवा धार आटलेली आसती. पाच-सहा येळा झालं. आत्याबाईंना दिसती, मोनालीला दिसती, पुण्याच्या लोकांना दिसती. मलाच न्हाई."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, सारजाबाई. प्रतिभा दळणात असली की त्या नातीला घेऊन धबधब्यावर जायच्या. बाबांनी प्रतिभाला आधी उपास सांगितले, मग नारळ सांगितले. त्यानंही धार येईना, तेव्हा त्यांनी डोळे मिटून विचारलं, की घरात कोणाला इंग्लिश औषध चालू आहे का? प्रतिभा थक्कच झाली. सारजाबाईंनी हे बाबांना आधीच सांगितलं असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. बाबा म्हणाले, तू आईच्या दुधात विष कालवतेस, म्हणून आई तुझं तोंड बघत नाही. तुझ्या पापानंच पोरीला फिट येतात. सोमवारी गोळ्या आणून धारेत सोड, आणि त्यानंतर पोरीला फक्त तीर्थ. सोमवार म्हणजे दुसरा दिवस.

मी तिला समजावलं. फिटच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, केल्या तर अशी फिट येऊ शकते की ती थांबतच नाही, मूल हातचं जाऊ शकतं, हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं आसंल," ती म्हणाली. "पन मंग म्या गेल्यावर धार का आटती?"

तासाभरापूर्वी मी स्वतः ती धार पाहून आले होते. औषधांची माहिती सांगणं सोपं होतं, पण तिला ज्याची भीती वाटत होती त्यावर माझ्याकडे एक शब्दही नव्हता.

तेवढ्यात लाईट गेली. गिरणीचा आवाज खाली खाली येत थांबला. बायका डबे तिथंच ठेवून घरी गेल्या. प्रतिभानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, चला ताई, तुम्ही सोबत आहात तर कदाचित आज पावेल. आम्ही वळसा घालून रस्त्यावर आलो. कातळ ओला होता, धार नव्हती. लोक भज्यांच्या गाड्यांकडे पांगले होते.

बाबांनी तिला लांबूनच हेरलं आणि माईक उचलला. "आली का बाई? आई आत्ताच गेली. तुझी सावली दिसली तिला."

माणसं वळून पाहू लागली. एका बाईनं आपलं पोर जवळ ओढून घेतलं. प्रतिभा त्या ओल्या कातळासमोर हात जोडून उभी राहिली, आणि लोक तिच्यापासून चार पावलं मागे सरकले. मला भयंकर राग आला. एका बाईनं आपल्या लेकीसाठी किती सोसावं, आणि ह्या माणसानं माईकवरून तिला सगळ्यांसमोर पापी ठरवावं.

परत येताना मी रागातच तिला विचारलं, "तू नेहमी कधी येतेस इथं?"

"गिरनी बंद झाली की."

"आणि गिरणी कधी बंद होते?"

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू औषधांच्या दुकानात बसून माझं डोकं फिरलंय. "लाईट गेली की. थ्री फेज आसताना कोन बंद ठिवंल?"

मी रस्त्यातच थांबले. त्या वर्षांतलं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. थ्री फेज, म्हणजे मोटरी आणि गिरण्या चालवणारी वीज, दिवसातून काही तासच यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि आख्खा गाव तिच्या तालावर उठायचा-बसायचा. लाईट आली की पुरुष नदीवर मोटर चालू करायला पळायचे आणि प्रतिभा गिरणीवर. धबधब्यासमोर उरायचे ते परगावचे पाहुणे, म्हाताऱ्या आणि पोरं. थ्री फेज कधी येते ते वस्तीत सगळ्यांना पाठ होतं, आई कधी प्रकट होणार ते बाबा सांगायचे. पण दोन्ही वेळा एकच आहेत, हे पाहायला त्या वेळी कोणी मोकळं नसायचं. ज्यांच्या लक्षात आलं असेल, त्यांनी भज्यांचा गाडा टाकला असावा.

प्रतिभाला हे पटलं नाही. "आई काय लाईटीवर चालती व्हय?" ती म्हणाली. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, की उद्या एक दिवस लाईट असताना गिरणी बंद ठेव आणि माझ्याबरोबर चल. आणि तोवर रात्रीची आणि सकाळची गोळी द्यायची. तिनं पदरावरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "उद्यापतूर देते. फुडचं न्हाई सांगत."

मी रात्री तिच्याकडेच राहिले. सोमवारी लाईट आली आणि प्रतिभानं गिरणीला कुलूप लावलं. वस्तीत असं कधी झालं नव्हतं. बाजरीचा डबा घेऊन आलेल्या कुशाबाईंनी कपाळाला हात लावला. थ्री फेज असून गिरणी बंद म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असा त्यांचा समज झाला. आम्ही धबधब्याला निघालोय हे कळल्यावर त्या आणि दळणाला आलेल्या बाकीच्या बायकाही मागे निघाल्या. सारजाबाई मोनालीचा हात धरून पुढं चालत होत्या. प्रतिभाच्या कमरेला गोळ्यांची पिशवी खोचलेली होती. ती तिनं कशासाठी घेतली होती, हे मला विचारवेना.

वळणावरून पुढं आलो आणि समोर धार कोसळत होती.

प्रतिभा जागीच थांबली. तिनं हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतके दिवस जे सगळ्यांना दिसत होतं ते तिला पहिल्यांदाच दिसत होतं. माझ्या एकटीचा हिशोब तिथं बरोबर आला होता, पण तिच्यासाठी तर आई पावली होती.

बाबांनीही तिला पाहिलं. त्यांची बुद्धी माईकपेक्षा वेगानं चालायची. "बघा, हीच ती बाई. काल आई रुसली व्हती. आज हिनं गोळ्या सोडल्या आन् आई पावली. बोला दुधाईमाता की."

जय म्हणून सगळ्यांचे हात वर गेले. प्रतिभानं डोळे पुसले आणि ताडपत्रीपाशी गेली.

"म्हाराज, गोळी तर म्या आज सकाळी दिली," ती म्हणाली. "रातची बी दिली."

बाबांनी माईक खाली केला. "आईचं मन मोठं आसतं, बाई."

"मंग काल का न्हवतं मोठं?"

हा प्रश्न तिनं भांडायला विचारला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच बाबा ताटातली नाणी सारखी करू लागले. त्यांच्या मदतीला सोपानराव आले. टेकडी सोपानरावांची, पलीकडच्या उतारावरची डाळिंबाची बाग त्यांची, सोसायटीचं चेअरमनपदही त्यांचंच. जीपमधून उतरून ते म्हणाले की देवाला असे प्रश्न विचारू नयेत.

"देवाला न्हाई इचारत, आप्पा, म्हाराजांना इचारते," प्रतिभा म्हणाली. मग तिनं कमरेची पिशवी काढून सगळ्यांसमोर धरली. "लाईट गेल्यावर बी धार ऱ्हायली, तर ह्या समद्या गोळ्या म्या हितंच सोडते. परत घेनार न्हाई."

माझा अंदाज चुकला असता तर मोनालीच्या जिवाला धोका होता, आणि तोही माझ्यामुळे. बाबांनी सोपानरावांकडे पाहिलं, सोपानरावांनी ड्रायव्हरला खूण केली, आणि जीप नदीच्या दिशेनं धूळ उडवत निघाली. बाबांनी मात्र तिची वाट पाहिली नाही. त्यांनी घाईघाईनं माईक उचलला आणि जाहीर केलं की आई थकली आहे, ती आता विश्रांतीला जाणार आहे, भक्तांनी प्रसाद घेऊन निघावं. आई काही विश्रांतीला गेली नाही. ती जोमानं कोसळत राहिली. बाबांनी मंत्र म्हटला, मग मोठ्यानं म्हटला, मग पाण्यावर अंगारा फेकला.

"आई ऐकंना की," कुशाबाई म्हणाल्या, आणि बायकांत हसू पिकलं.

रस्त्याच्या पलीकडे मारुतरावांचा ऊस होता. त्यांच्या नदीवरच्या मोटरीचं पाणी जाड पाइपातून हौदात पडत होतं. ते रोजच तिथं पडायचं, पण धबधबा पाहायला आलेला माणूस त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. मी बायकांना एवढंच म्हटलं, की एक डोळा इकडे ठेवा आणि एक तिकडे. आम्ही सावलीला बसून राहिलो. सोपानरावांची जीप अजून नदीवर पोचायची होती, पण वीज मंडळानं त्यांच्या आधी बाजी मारली. वेळ व्हायच्या आधीच, कोणालाही न सांगता, नेहमीसारखी लाईट गेली. मारुतरावांच्या पाइपानं एक उचकी दिली आणि पाणी बंद झालं. आम्ही सगळ्या टेकडीकडे वळलो. दुधाईची धार बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, आणि मग कातळ नुसता ठिबकत राहिला.

"थ्री फेज गेली," कुशाबाई म्हणाल्या.

मग कुशाबाईंनी पदर खोचला आणि पाटी ओलांडून थेट टेकडी चढायला लागल्या. त्यांच्यामागे दळणाच्या सगळ्या बायका, त्यांच्यामागे पाहुणे. कोणाचीही दृष्टी गेली नाही. माथ्यावर सोपानरावांच्या बागेसाठी बांधलेली पाण्याची टाकी होती. नदीवरच्या मोटरीपासून जमिनीखालून आलेला पाइप तिच्यात पडत होता. ती मोटर बंद करायलाच जीप पळाली होती. टाकी भरून पाणी बाहेर यायला एक खाच होती आणि तिच्या तोंडावर शेंदूर फासलेले दगड रचून ठेवले होते. आदल्या उन्हाळ्यात टाकी अशीच भरून वाहिली, पाणी रस्त्यावर पडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी फोटो काढायला थांबल्या, असं नंतर मारुतरावांनीच सांगितलं. डाळिंबाला औषध फवारावं लागतं, रोगराई येते, भाव पडतो. पर्यटकाला यातलं काहीच होत नाही. सोपानरावांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ज्ञानूला बोलावणं धाडलं.

टाकीजवळ वाकल्यावर मला वास आला. वैशाखात भोवतालच्या विहिरी आटतात आणि नदी मात्र वाहत असते, कारण वरच्या शहरात माणसं बाराही महिने अंघोळी करतात, कपडे धुतात आणि संडासात पाणी ओततात. ते सगळं मुळा-मुठेतून भीमेला मिळतं. तो दुधासारखा फेस साबणाचा होता. मी हे मोठ्यानं सांगितलं, तेव्हा कपाळाला फेस लावलेल्या माणसांनी मुकाट्यानं रुमाल काढले. कॅनवाले पुणेकर आजही आले होते.

"तुम्ही पुण्याचे ना?" मी त्यांना विचारलं. "मग हे तुमचंच आहे. तुम्हीच सोडलेलं. उगाच पेट्रोल जाळून परत न्यायला आलात."

त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळं पाणी टेकडीवरच ओतून दिलं. मोनाली मात्र हे पाणी महिनाभर रोज सकाळी पेलाभर पीत होती. तिचं पोट सारखं बिघडायचं, आणि आतलं विष बाहेर पडतंय म्हणून सारजाबाई आनंदानं तिला आणखी पाजायच्या. त्या तिथंच एका दगडावर मटकन बसल्या आणि नातीला पोटाशी धरून रडल्या. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण ते जमलं नाही.

आम्ही खाली येईपर्यंत बाबा माईक, बॅटरी आणि ताट घेऊन निघून गेले होते. सगळेच शहाणे झाले असं समजू नका. काहीजण अजूनही म्हणतात की धार खरीच होती, बायका वर गेल्या म्हणून आई निघून गेली. गाडेवाल्यांनी महिनाभर दळण दुसऱ्या गावाला नेलं. मग ओझं वाहून कंटाळले आणि गुमान प्रतिभाकडे परत आले.

पण त्या दुपारी गर्दी पांगल्यावर प्रतिभा त्या वाळत चाललेल्या कातळासमोर उभी होती. गोळ्यांची पिशवी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती रागावली असेल, आनंदली असेल, असं मला वाटलं होतं. ती अगदी हळू आवाजात बोलली.

"म्हंजी ताई, पोरीला फिट येती ती माझ्या पापानं न्हाई."

"नाही गं," मी म्हटलं. "तुझ्यामुळे तर ती थांबलीय."

पाणी टेकडीवर चढवायला मोटर लागते, पाइप लागतो, वीज लागते. एका भल्या बाईला आपल्या लेकीचं दुखणं आपल्याच पापाचं फळ आहे असं पटवायला यातलं काहीही लागलं नाही, एका माणसाची जीभ पुरली. याचा मला त्या सांडपाण्यापेक्षा जास्त संताप येतो. कोणाला देव मानायचा त्याला माना, माझं काही म्हणणं नाही. पण कोणी चमत्कार दाखवला, तर तो कधी होतो, कधी होत नाही आणि त्या वेळी आजूबाजूला आणखी काय चालू असतं, हे एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नाहीच पाहता आलं, तर निदान त्याच्या शब्दावर आपल्या लेकराची गोळी बंद करू नका.